बसमध्ये इअरफोनचा आवाज पुरत नाही, तेव्हा नेमकं काय बदलायचं?

तुमचा प्रश्न मी थोडक्यात असा समजलो. तुम्ही रोज फोंड्याहून पणजीला बसने जाता-येता. फोनची बॅटरी वाचावी आणि मध्येच कॉल येऊन गाणं तुटू नये म्हणून वेगळा छोटा म्युझिक प्लेअर वापरता. तो तुमच्या भावाने बोटीवर कामाला असताना बार्सिलोनाहून आणला. त्यावर जुनी नाट्यपदं, केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी आणि गावच्या भजनांची तुम्हीच फोनवर केलेली रेकॉर्डिंग्ज आहेत. प्लेअरचा आवाज शेवटपर्यंत नेला तरी फर्मागुडीच्या चढाला गाडी आली की गाणं बुडतं. म्हणून तुम्ही विचारलंत: सगळ्यात मोठा आवाज देणारे इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत आत बसणारे इअरफोन, कुठले?

मी गोव्यात नाटकं, बैठकी आणि भजनांना ध्वनिव्यवस्था देतो. गायकांच्या कानात इन-इअर बसवून त्यांना ऐकू येतंय ना, हे बघणं माझ्या रोजच्या कामात आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. बाहेरचा गोंगाट किती आत येतो, प्लेअर मुळात किती जोर देऊ शकतो आणि त्या जोराचा इअरफोन किती आवाज करतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पैसे देऊन मिळतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. तुमच्या बाबतीत मात्र पहिले दोन आधी बघायला हवेत.

तुम्ही प्लेअरचं मॉडेल लिहिलेलं नाही आणि सध्याचे इअरफोन 'जुने, गोल बुडाचे' एवढंच लिहिलंय. कानाच्या नळीचा आकार माणसागणिक वेगळा असतो, कित्येकदा एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. त्यामुळे 'हेच घ्या' असं छातीठोक सांगणं बरोबर होणार नाही. विचार कसा करायचा ते मात्र नीट सांगता येईल.

आधी गोंगाट. गोल बुडाचे इअरफोन कानाच्या पाळीत नुसते टेकलेले असतात. ते बाहेरचा आवाज जवळजवळ अडवतच नाहीत. बसच्या इंजिनाची घरघर खर्जात असते, आणि आपल्या कानाचा गुणधर्म असा की जोरदार खर्ज त्याच्या वरच्या सुरांनाही झाकून टाकतो. वरचे सूर खर्जाला तेवढं झाकू शकत नाहीत. म्हणून चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरायला लागली की गायिकेचा आवाज नाहीसा होतो. प्लेअरचा आवाज तोच असतो, त्याच्यावर पडलेला पडदा जाड झालेला असतो. अशा वेळी आवाज दहा डेसिबलने वाढवणं आणि गोंगाट दहा डेसिबलने कमी करणं, गाणं ऐकू येण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. कानाच्या दृष्टीने त्यात फार मोठा फरक आहे.

कानात नीट बसलेले इन-इअर मधल्या आणि वरच्या सुरांत २० ते ३० डेसिबल गोंगाट सहज अडवतात, खर्जात त्याहून कमी. 'नीट बसलेले' हे महत्त्वाचं. बहुतेकांचे बसलेले नसतात. डब्यातून येतात ते मधल्या आकाराचे टिप्स (कानात जाणाऱ्या मऊ टोप्या) लावून, आणि लोक ते तसेच वापरत राहतात. डब्यातले सगळे आकार एकेक करून लावून बघा. डावा-उजवा वेगळा आकार लागला तर तसाच वापरा. घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, त्याने नळी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. बरोबर बसला की बाहेरचं बोलणं लांब गेल्यासारखं वाटतं आणि तंबोऱ्याचा खर्ज एकदम भरतो. फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज पळतो. इअरफोनला 'बेसच नाही' म्हणून परत करणारे जे लोक माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना मी फक्त मोठा टिप लावून देतो.

सिलिकॉन की फोम? बसच्या गोंगाटासाठी फोम चांगले. बोटांत चेपून आत घातले की ते फुगून नळी भरतात आणि खर्जही बऱ्यापैकी अडवतात. पण आपल्याकडच्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, फोम घाम आणि दमट हवा धरून ठेवतो आणि लवकर सैल पडतो. दोन किंवा तीन चकत्यांचे सिलिकॉन टिप्स धुता येतात आणि गोंगाट चांगला अडवतात, मात्र ते खोल जातात आणि पहिले काही दिवस टोचतात. मी स्वतः पावसाळ्यात सिलिकॉन आणि उन्हाळ्यात फोम असं करतो.

एक सूचना. गोंगाट अडवणारं काहीही कानात असताना रस्ता ओलांडू नका. स्टँडवर उतरायच्या आधी दोन्ही काढा.

आता प्लेअर. 'बार्सिलोनाहून आणला' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते तिथेच मोठा धागा आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या छोट्या प्लेअरना ईएन ५०३३२ हे मानक लागू होतं. सोबत दिलेल्या इअरफोनसह चाचणीतला आवाज १०० डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि इअरफोन वेगळे घ्यायचे असतील तर चाचणीचा ठरावीक ध्वनी वाजवताना जॅकवर १५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त येता कामा नये. २०१३ पासून त्यात भर पडली की ८५ डेसिबलच्या वर जाताना प्लेअरने इशारा द्यायचा आणि २० तास ऐकून झाल्यावर तो पुन्हा द्यायचा. म्हणून एकाच कंपनीची वस्तू युरोपात घेतलेली आणि दुसरीकडे घेतलेली वेगळी वाजते. ॲपलचं यूएसबी-सी ते साडेतीन मिलिमीटर जॅकचं डोंगल घ्या. अमेरिकेतलं साधारण १ व्होल्ट देतं, युरोपातलं अर्धा व्होल्ट. व्होल्ट निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. आपल्याकडे घरोघरी कोणीतरी बोटीवर, पोर्तुगालला किंवा इंग्लंडला असतं, त्यामुळे असे मर्यादा घातलेले प्लेअर आणि फोन गोव्यात बरेच आहेत. मालकाला याची कल्पना नसते आणि तो इअरफोन बदलत राहतो.

तुमच्या प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये आधी आवाजमर्यादेचा पर्याय शोधा. सोनीच्या वॉकमनमध्ये तो एव्हीएलएस या नावाने असतो. तो बंद करून बघा. काही प्लेअरमध्ये मर्यादा देशाच्या निवडीला बांधलेली असते. सॅनडिस्कच्या जुन्या सॅन्सा क्लिपमध्ये सगळं मूळ स्थितीवर आणलं की सुरू होताना प्रदेश विचारला जातो, तिथे 'युरोप' सोडून 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' निवडलं की कमाल आवाज वाढतो. सगळ्याच प्लेअरमध्ये ही सोय नसते. काहींमध्ये मर्यादा आतच पक्की केलेली असते आणि तिथे काही करता येत नाही. इक्वलायझर (खर्ज, मधले आणि वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणारा पर्याय) चालू असेल तर तोही बंद करून बघा. फाटू नये म्हणून बरेच इक्वलायझर आधी एकूण आवाज खाली आणतात आणि मग पट्ट्या वर करतात. 'रिप्ले गेन' किंवा गाण्यांचा आवाज समान करणारा पर्याय असेल तर तोही तपासा. त्याने मोठ्याने वाजणारी आधुनिक गाणी खाली येतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं की प्लेअरच थकला.

यानंतर इअरफोनचा प्रश्न, आणि इथे डब्यावरचे आकडे लोकांची फार फसगत करतात. इअरफोन किती आवाज करतो ते सेन्सिटिव्हिटीवरून कळतं. पण कोणी ती प्रति मिलिवॅट छापतो, कोणी प्रति व्होल्ट. हे दोन आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. फायनल कंपनीचा ई३००० हा १६ ओहमचा आहे (ओहम हे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचं माप) आणि त्याची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल प्रति मिलिवॅट छापलेली असते. मूनड्रॉपचा चू २ हा १८ ओहमचा, त्याची ११९ डेसिबल प्रति व्होल्ट. बघणाऱ्याला वाटतं दुसरा १९ डेसिबलने मोठा, म्हणजे ऐकायला जवळजवळ चौपट. प्रत्यक्षात दोघांमध्ये एका डेसिबलचा फरक आहे.

प्रति मिलिवॅटचा आकडा प्रति व्होल्टमध्ये न्यायचा तर १६ ओहमला १८ मिळवा, ३२ ओहमला १५, ६४ ओहमला १२, १०० ओहमला १०. छोटे प्लेअर ठरावीक व्होल्ट देतात, म्हणून प्रति व्होल्टचा आकडाच तुमच्या कामाचा. ई३००० मग १००+१८, म्हणजे ११८. शुअरचा एसई२१५ हा १०७ डेसिबल प्रति मिलिवॅट, १७ ओहमचा, म्हणजे १२४-१२५ च्या घरात. प्लेअर न बदलता, आवाजाचं बटण न हलवता, तो ई३००० पेक्षा ६-७ डेसिबल मोठा वाजेल.

या अडथळ्याला इम्पिडन्स म्हणतात, आणि तो ओहममध्ये मोजतात. तो कमी असला की त्याच व्होल्टला जास्त करंट ओढला जातो आणि आवाज मोठा होतो. इटिमॉटिक कंपनीच्या ईआर४ मध्ये हे छान दिसतं. त्यांचा ईआर४एस १०० ओहमचा होता आणि छोट्या प्लेअरवर हळू वाजायचा. खास अशा प्लेअरसाठी त्यांनी ईआर४पी काढला, २७ ओहमचा, जो बराच मोठा वाजायचा. त्याला ७५ ओहमची जोड-वायर लावली की तो जवळपास 'एस' व्हायचा. म्हणजे आवाजातला फरक मुख्यतः वाटेतल्या अडथळ्याचा होता. म्हणून बाजारात स्टुडिओसाठीचे, जास्त ओहमचे इअरफोन कोणी 'दर्जेदार' म्हणून पुढे केले तर तुमच्या प्लेअरसाठी घेऊ नका. ते उत्तम असतील, पण त्यांना जोर देणारं यंत्र तुमच्याकडे नाही.

उलट टोकालाही जाऊ नका. १३० च्या आसपास सेन्सिटिव्हिटी असलेले, अनेक आर्मेचरचे (आर्मेचर हा आवाज काढणाऱ्या चिमुकल्या भागाचा एक प्रकार) इन-इअर स्टेजवर मी वापरतो. छोट्या प्लेअरवर त्यांच्यात मागे सतत सुरसुर ऐकू येते. बटणाची एक पायरी कमी पडते आणि पुढची जास्त होते. तुमच्यासाठी ११५ ते १२५ डेसिबल प्रति व्होल्ट आणि १६ ते ३२ ओहम हा पट्टा योग्य. त्यात साधा, एका डायनॅमिक ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा भाग) इअरफोन पुरेसा आहे. कमी खर्चात चू २ सारखे बसतील, आणि पुढे कधी जास्त खर्च करावासा वाटला तर एसई२१५. तो कानामागून वायर घेतो आणि गोंगाट चांगला अडवतो.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा मुद्दा. तुम्ही काय ऐकता त्यावर कुठला इअरफोन 'मोठा' वाटेल हे ठरतं. तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई, मंगेशीचे मास्टर दीनानाथ, यांच्या तबकड्यांवरचा जवळजवळ सगळा ऐवज काही शे हर्ट्झपासून पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंतच्या पट्टीत आहे. त्याच्या खाली तबकडीची घरघर, वर सुईची खरखर. आजचे बरेच स्वस्त इन-इअर खर्ज आणि टोकाचे वरचे सूर फुगवून, मधला भाग खाली दाबून बनवलेले असतात. आधुनिक नृत्यगीतावर ते दणकट वाटतात. त्यांवर जुनी तबकडी लावा: घरघर वर येते, खरखर वर येते आणि मधला गळा मागे जातो. मग माणूस आवाज वाढवतो, आणि त्याबरोबर घरघर आणि खरखरही वाढते. कागदावर ३ डेसिबल कमी असलेला, पण मधले सूर पुढे ठेवणारा इअरफोन तुम्हाला प्रत्यक्षात जास्त स्पष्ट आणि जास्त मोठा वाटेल. 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेलं काहीही तुमच्या यादीतून काढून टाका. केसरबाईंची तान ज्या ताकदीने येते ती ताकद मधल्या सुरांत आहे. ती दाबणारा इअरफोन कितीही मोठा वाजला तरी ते गाणं पोचवत नाही.

भजनांच्या रेकॉर्डिंगचा उपाय वेगळा, आणि तो फुकट आहे. फोन लांब ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये टाळांचे ठोके उंच जातात आणि गळा त्यांच्या फार खाली राहतो. फाइलचा एकूण आवाज वाढवायला गेलं की टाळ आधी कमाल पातळीला टेकतात आणि गळा तिथेच राहतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. आधी लिमिटर लावून टाळांची टोकं ६ ते ८ डेसिबल खाली आणा, मग नॉर्मलाइझ करून सगळं उणे १ डेसिबलपर्यंत वर घ्या. गळा तेवढाच वर येईल. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. पुढच्या वेळी फोन टाळकऱ्यांपासून दूर, मुख्य गायकाच्या जवळ ठेवा. हार्मोनियमच्या डोक्यावर नको.

वरचं सगळं करूनही कमी पडलं, म्हणजे प्लेअरची मर्यादा पक्की निघाली आणि चांगले बसलेले, ११८-१२० चे इन-इअरही बसमध्ये पुरत नसतील, तरच छोट्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा विचार करा. तो प्लेअरच्या जॅकला जोडता येतो. पण खिशात दुसरी वस्तू, दुसरी बॅटरी आणि वायरींचा गुंता येतो. दुसरी बाजू अशी की बंधन नसलेला साधा प्लेअर घेतला तर हा सगळा खटाटोप वाचतो. तुमच्या वापरासाठी मला दुसरा मार्ग बरा वाटतो.

आवाजाच्या प्रमाणाबद्दल बोलल्याशिवाय मला हे उत्तर देता येणार नाही. मोठ्या आवाजात आयुष्य काढलेले वादक मी जवळून बघितलेत. पन्नाशीत त्यांना 'स' आणि 'श' वेगळे ऐकू येत नाहीत, आणि गेलेलं परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) यांच्या २०१८ च्या मानकानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल ४० तास एवढंच ऐकावं. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०. तुमचा प्रवास जाऊन-येऊन रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस धरला तर बारा तास होतात, म्हणजे सरासरी ८५ डेसिबल ही वरची हद्द. उघड्या खिडकीच्या बसमध्ये गोल बुडाच्या इअरफोनने गोंगाटाच्या वर गाणं न्यायचं तर ती हद्द ओलांडावी लागते. घट्ट बसलेल्या इन-इअरने तेच गाणं ७० ते ७५ ला स्वच्छ ऐकू येतं. म्हणून मी आधी टिप्सबद्दल एवढं लिहिलं. आणि शांत खोलीतही, टीव्हीवरही, सगळंच हळू वाटत असेल तर इअरफोन घेण्याआधी कान तपासून घ्या. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या ईएनटी विभागात जा. कधी कधी कारण साधा मळ असतो.

मळ इअरफोनमध्येही जातो. नळीच्या तोंडावरच्या बारीक जाळीवर तो बसला की एका बाजूचा आवाज हळूहळू उतरतो आणि माणसाला वाटतं ड्रायव्हर गेला. टिप काढून, जाळी खाली तोंड करून मऊ कोरड्या ब्रशने झाडा. तोंड वर ठेवून झाडलंत तर मळ आत पडतो. पावसाळ्यात घरी पोचल्यावर टिप्स काढून पुसून मोकळे ठेवा, इअरफोन सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. भिजून आल्यावर ओल्या कानात लगेच घालू नका. आपल्या दमट हवेत कानाला बुरशी धरायला तेवढं पुरतं. कानाला खाज किंवा ठणका लागला तर बरं होईपर्यंत इन-इअर बंद.

दुकानात जाताना तुमचाच प्लेअर आणि तुमचीच तबकडीची फाइल न्या, दुकानदाराच्या फोनवरचं चकचकीत गाणं ऐकून ठरवू नका. टिप तुमच्या मापाचा लावून मागा. शांत दुकानात बटण निम्म्यावर असताना गळा भरपूर आणि पुढे वाटला पाहिजे, म्हणजे बसमध्ये वाढवायला जागा उरते. तिथेच तीन-चतुर्थांशपर्यंत न्यावं लागलं तर तो तुमच्या प्लेअरसाठी नाही. प्लेअरचं मॉडेल आणि मागे छापलेला देश कळवलात तर मर्यादा काढता येते का, तेही बघून सांगतो.